डावीकडची चकती

जुन्यासारखा दिसणारा नवा कॅमेरा हातात घेतला की मला नंतर हात धुवावेसे वाटतात. तो काचेच्या कपाटातून काढायचा, मखमलीच्या तुकड्यावर ठेवायचा आणि कौतुकानं मान तिरकी करायची, हे मी दिवसातून दहा वेळा करते. चौदा वर्षं मी ह्या दुकानात कॅमेरे विकते आहे. दुसरे कॅमेरे निदान काळे ठोकळे असतात, ते काही सोंग आणत नाहीत. हा मात्र नटून बसलेला असतो. वर पितळी रंगाच्या चकत्या, पण पितळ नाही. अंगावर चामडं, पण ते रबर. अक्षरं आजोबांच्या काळातल्या वळणाची, आणि आत सगळा कालपरवाचा संगणक. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. "ह्यात खरा रोल घालावा लागतो का हो?" असं घाबरून विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कॅमेरा गळ्यात अडकवून भिंतीवरच्या आरशात बघतात. आमच्या दुकानात आरसा आहे, चष्म्याच्या दुकानात असतो तसा, आणि तो मालकांनी खास ह्या कॅमेऱ्यासाठी लावून घेतला. ह्या जातीच्या कॅमेऱ्याला मिररलेस म्हणतात, म्हणजे पूर्वी कॅमेऱ्याच्या आत जो आरसा असायचा तो ह्यात नसतो. मी म्हणते, आतला काढला आणि आमच्या भिंतीवर टांगला. फोटो कसा येतो हे शंभरात पाच जण विचारतात, उरलेल्यांना स्वतः कसे दिसतो तेवढंच हवं असतं.

मालकांचा एक नियम आहे. मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तो मला शिकवला. "तीन गुण सांगायचे आणि एक दोष सांगायचा. दोष सांगितलास की गिऱ्हाईक म्हणतं, बाई खरं बोलते. पण कुठला दोष सांगायचा, ते आपण ठरवायचं." ह्या कॅमेऱ्याचा ठरलेला दोष म्हणजे पकड. "समोरून सपाट आहे, हातातून निसटल्यासारखा वाटतो," असं आवाज उतरवून म्हणायचं. मग खालून स्क्रूनं बसवायची जादा मूठ कपाटातून काढायची, की दोषसुद्धा विकला जातो.

गुण खोटे नाहीत, तेवढं मी कबूल करते. कॅमेरा बंद असतानाही चकत्यांकडे बघून सगळं कळतं, वेग किती, उजेड किती. रंग सुरेख येतात, कातडीचा रंग तर फारच. माणसाचा डोळा हा कॅमेरा पकडतो आणि सोडत नाही. शिवाय तो लहानसा, भाबडा दिसतो म्हणून समोरचा माणूस ताठरत नाही. न सांगायचे दोष बरेच आहेत. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. फोटो साठवायचं कार्ड एकच बसतं, तेही खाली बॅटरीशेजारी, म्हणजे स्टँडवरून किंवा मुठीतून कॅमेरा सोडवल्याशिवाय ते काढता येत नाही. अंधाऱ्या खोलीत बघायच्या भिंगातलं चित्र पाण्यात पडल्यासारखं डुचमळतं. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्या गोड चकत्यांच्या खाली मेन्यू आहे, इतर कुठल्याही कॅमेऱ्यात असतो तसलाच, नऊ पानांचा, चक्रावून टाकणारा. जी कटकट टाळायला लोक हा घेतात, ती कटकट आत दबा धरून बसलेली असते. ती आम्ही गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही.

एकदा त्या कटकटीनं दात दाखवले, ते हनुवटीकाकांना.

काकांचा स्टुडिओ आमच्या दुकानामागच्या गल्लीत, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी. एकच खोली. मध्ये गोल फिरवून उंच करायचं स्टूल, मागे गुंडाळता येणारा पडदा, त्याची एक बाजू राखाडी आणि एक निळी. आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण कंगवे चोरीला जातात. खिळ्याला एक काळा कोट. ओळखपत्राचा फोटो काढायला कोट न घालता आलेल्या माणसाला काका तो चढवायचे, आणि जाड्याला पुढून, बारक्याला मागून टाचण्या लावून बसवायचे. ह्या भागातले निम्मे साहेब आपापल्या कागदपत्रांत त्याच एका कोटात आहेत.

नाव पडलं ते त्यांच्या वाक्यावरून. "हनुवटी खाली. अजून थोडी. डोळे माझ्याकडे. आता श्वास सोडा." माणसानं श्वास सोडला रे सोडला की खटका. श्वास धरलेला माणूस पोलिसानं पकडून आणल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. एका माणसाचे ते दोनच फोटो काढायचे, तिसरा कधी नाही. तिसरा लागला तर चूक माणसाची नाही, आपली, म्हणायचे. मी शाळेत असताना आमच्या वर्गाचा फोटोही त्यांनीच काढला होता. एकतीस वर्षं त्या शाळेचे सगळे वर्ग त्यांनीच काढले. शाळेतली पोरं त्यांच्यामागे हनुवटी छातीला टेकवून चालायची, आणि त्यांना ते माहीत होतं.

रोलच्या कॅमेऱ्याला डावीकडे एक चावी असते, रोल संपला की मागे गुंडाळायची. काका काम सुरू करण्याआधी ती चावी बोटानं किंचित फिरवून बघायचे. मोकळी फिरली तर आत रोल नाही, अडली तर आहे. ही त्यांची सवय इतकी मुरली होती की बोलता बोलता, रस्ता ओलांडताना, त्यांचं बोट त्या चावीवर असायचं. "रोल घालायला मी आयुष्यात दोनदा विसरलो," ते सांगायचे, "आणि दोन्ही वेळा चावीनं सांगितलं. गपचूप घातला. कुणाला पत्ता नाही."

त्यांच्या मोठ्या भावाला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. तो काकांकडेच राहायचा. आधी किल्ल्या विसरला, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी तो रोज सकाळी काकांना विचारायचा, "आपण कोण? फोटो काढायला आलात का?" आणि काका म्हणायचे, "हो दादा, हनुवटी खाली." हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. मग हसू आटपून म्हणाले, "पोरी, मला मरणाची भीती नाही. दादासारखं व्हायची आहे. ते एक होऊ नये, बाकी काहीही होवो."

त्यांचा जुना कॅमेरा शेवटी थकला. दुरुस्त करणारा माणूस आधीच वारला होता, रोल मिळेनासे झाले होते आणि शाळेच्या मोठ्या बाईंना फोटो संगणकावर हवे होते. त्याआधी काकांनी कुणाचा तरी काळा ठोकळा वापरून पाहिला होता. एक बटण चुकीचं दाबलं गेलं, मेन्यू उघडला, तो बंद होईना, आणि समोर नटून बसलेली म्हातारी वाट बघून उठून गेली. त्या दिवसापासून मेन्यू ह्या शब्दानं त्यांच्या अंगावर काटा यायचा. "मेन्यू हॉटेलात बरा," म्हणायचे.

ते दुकानात आले तेव्हा मी काही विचार केला नाही. विचार केला असं म्हणायचं झालं तर तो हाच, की हा कॅमेरा ह्या माणसासाठीच बनवलाय. मालक कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "कपाटातलाच दे. पेटी नवी काढ." कपाटातला म्हणजे तीन महिने आल्यागेल्या प्रत्येकानं हाताळलेला. त्या आरशापुढे किती जणांच्या गळ्यात लोंबला होता, देव जाणे. मी तो पुसला आणि नवा म्हणून काकांच्या हातात दिला.

त्यांनी चकती फिरवली. तोंडावर लहान पोराचं हसू आलं. मी नियमाप्रमाणे सुरुवात केली. चकत्या बघा, रंग बघा, डोळा कसा पकडतो बघा. "आणि काका, ही डावीकडची चकती फिरवून बघा. अडते की नाही? अगदी तुमच्या चावीसारखी."

"अडते की गं!"

"आणि हा मागचा पडदा असा उलटा करून बंद करायचा. मागे चामडं दिसतं. म्हणजे झाला तुमचा जुना कॅमेरा. त्या पडद्याकडे बघायचंच नाही."

"आणि वाईट काय ह्याच्यात?"

"पकड," मी आवाज उतरवून म्हणाले. "समोरून सपाट आहे. खोटं कशाला बोलू?"

"बरं झालं सांगितलंस. आजकाल कोण सांगतं?"

मग त्यांनी दुकानात उभ्या उभ्या वीसेक फोटो काढले. माझे, मालकांचे, दारातल्या चपलांचे. कॅमेऱ्यात कार्ड नव्हतंच. कार्ड नसतानाही खटका पडावा अशी मेन्यूत एक सेटिंग असते, आणि ती फोटो काढणाऱ्याच्या काहीएक उपयोगाची नाही. ती आम्हा विकणाऱ्यांसाठी असते. कपाटातल्या कॅमेऱ्यात आम्ही कार्ड ठेवत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर खटखट करून बघायचं असतं. फोटो क्षणभर भिंगात दिसतो, एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात डेमो असं येतं आणि तो फोटो नाहीसा होतो. कपाटातला कॅमेरा विकला गेला की ही सेटिंग बंद करून द्यायची असते. सहा बटणं, अर्ध्या मिनिटाचं काम.

ते मी केलं नाही. विसरले असते तरी परवडलं असतं. मला चांगलं आठवत होतं. पण नवा म्हणून दिलेला कॅमेरा आत नेता येत नव्हता, आणि सेटिंग बंद करायची तर काकांसमोर तो नऊ पानांचा मेन्यू उघडावा लागला असता, आणि तो दिसला असता तर त्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवून हात जोडले असते. आलेलं गिऱ्हाईक गेलं असतं. मी जादा मूठही पेटीत घातली आणि रिबन बांधली. आज ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

पुढचे पाच महिने काका हवेत होते. ते खरंच चांगले फोटो काढत होते. अवघडून बसणारी माणसं त्या खेळण्यासारख्या कॅमेऱ्यापुढे सैलावत. एकदा त्यांनी चावीवाल्याचा फोटो आणून दाखवला, कानशीनं चावी घासतानाचा. तसला माणसाच्या जिवाजवळ गेलेला फोटो आमच्या दुकानातल्या जाहिरातींत एकही नाही. कार्डाला ते रोलच म्हणत. दोन कार्डं होती. एक भरलं, की छोट्या डबीत घालून, पाकिटावर आपलं नाव लिहून लॅबमध्ये धुवायला द्यायचे, आणि दुसरं कॅमेऱ्यात घालायचे. लॅबमधली मुलं हसायची. कॅमेऱ्याचा मागचा पडदा त्यांनी कधी उघडला नाही. उघडायचा नाही, असं मीच सांगितलं होतं ना.

मग शाळेचा दिवस आला. अकरा वर्ग, शिक्षक, आणि शेवटी निवृत्त होणाऱ्या मोठ्या बाईंचा सगळ्या शाळेसोबत फोटो. आदल्या दिवशी ओळखपत्रांच्या फोटोंनी भरलेलं कार्ड लॅबमध्ये गेलं होतं. दुसरं कार्ड स्टुडिओच्या खणात होतं. सकाळी निघताना ते घालायचं राहिलं. असं कुणाचंही राहतं, माझं तर महिन्यातून दोनदा राहतं. शाळेत पोचल्यावर त्यांनी बाकं लावून घेतली, उंच पोरं मागे, बुटकी पुढे, आणि काम सुरू करण्याआधी बोट डावीकडे नेलं. चकती फिरवली. अडली.

ती चकती नेहमीच अडते. आत कार्ड असो, नसो, कॅमेरा चालू असो, बंद असो. ती नुसती उजेडाचा आकडा बदलण्यासाठी आहे. तिला आत काय आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. पण चाळीस वर्षं जे बोट चावीवर विश्वासलं होतं, त्याला हे कोण सांगणार? काका निर्धास्त झाले. अकरा वर्गांना हनुवटी खाली करायला लावली. मोठ्या बाई रडत होत्या, त्यांना दोन मिनिटं थांबून श्वास सोडायला लावला. प्रत्येक वेळी खटका पडला, प्रत्येक वेळी भिंगात फोटो क्षणभर दिसला. दुपारी खाली मूठ सोडवून, झाकण उघडून त्यांनी बघितलं तर कार्डाची जागा रिकामी. तोवर पोरं घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, सोबत मुलगी. ही त्यांची एकुलती एक मुलगी दवाखान्यात रक्त तपासते, आणि कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय लिहून देत नाही. काका एका रात्रीत आकसल्यासारखे दिसत होते.

"ह्याच्यात काही बिघाड आहे का, बघता?" मुलगी म्हणाली. "कार्ड नसताना फोटो निघतातच कसे?"

मी कॅमेरा आत घेऊन गेले. मेन्यूचं पाचवं पान उघडलं. सेटिंग चालूच होती, मी ठेवली तशी. बाहेर मालक होते. कपाटातला कॅमेरा नवा म्हणून विकलाय हे त्या सेटिंगवरून सरळ कळत होतं. माझी बोटं माझ्याआधी हलली. सहा बटणं दाबली आणि सेटिंग बंद केली. नऊ पानं, अर्धं मिनिट.

बाहेर येऊन मी म्हणाले, "कॅमेरा ठीक आहे, ताई."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी हळूहळू मान हलवली. "म्हणजे बिघाड माझ्यात आहे," ते मुलीला म्हणाले. "कॅमेरा नाही म्हणाला असणार. मी ऐकलं नाही. दादाला पण आधी लोक सांगायचे ते ऐकू जायचं नाही."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी काउंटरवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

पुढचं मी गल्लीतून येता-जाता बघत होते. शाळेनं दुसरा माणूस बोलावून, पुन्हा पोरं जमवून फोटो काढून घेतले, आणि पुढच्या वर्षासाठीही त्यालाच सांगितलं. स्टुडिओ आठवड्यातून तीन दिवस उघडायला लागला, मग एक. चावीवाला म्हणाला, काका कुलूप लावतात, चार पावलं जातात, परत येऊन ओढून बघतात, पुन्हा जातात, पुन्हा येतात. एका बाईचे त्यांनी नऊ फोटो काढले. प्रत्येक फोटोनंतर झाकण उघडून बघत होते की कार्ड आहे का. ती बाई वैतागून गेली. मला ते ऐकवेना. एक धडधाकट माणूस मी स्वतःच्या हातानं आजारी पाडला होता, आणि वर दुकानात उभी राहून "खोटं कशाला बोलू" हे दिवसातून दहा वेळा म्हणत होते. एका दुपारी ते वाक्य मी अर्ध्यातच तोडलं. समोरच्या गिऱ्हाइकाला तिथेच सोडून मी मोरीत जाऊन हात धुतले.

त्या शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ, आणि जिथे तिथे कागदाच्या चिठ्ठ्या. खणावर चमचे, डबीवर साखर, दारावर किल्ली घेतली का. अक्षर काकांचंच, पाकिटांवर नाव घालायचे तेच वळणदार. काका टेबलाशी बसले होते, पुढे एक वही. दिवसभरात काय झालं ते ते त्या वहीत लिहून ठेवत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. मुलगी ओट्याशी उभी होती.

"काका, मला एक सांगायचंय," मी म्हणाले, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कपाटातला कॅमेरा. सेटिंग. मेन्यू का उघडला नाही ते. आत नेऊन काय केलं ते. "कार्ड विसरणं म्हणजे काही नाही, काका. रोलही दोनदा विसरला होतात ना? कॅमेऱ्यानं अडवायला हवं होतं. मी तो अडवणार नाही असा करून दिला होता."

मुलगी हात पुसत पुढे आली. "त्या दिवशी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो ताई. मी खोटं बोलले."

"का?"

"नोकरीसाठी. आणि भित्री आहे म्हणून."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांत नुसता थकवा होता. "आता हे कशाला काढताय?" ती हळू म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे आहे, जपा. आत्ता कुठे ते मान्य करायला लागलेत. रात्री झोपायला लागलेत."

"थांब गं," काका म्हणाले. त्यांनी कपाटातून कॅमेरा आणला. हात स्थिर होते. "दाखव मला. कार्ड काढ, आणि खटका पाड."

मी मूठ सोडवली, झाकण उघडलं, कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कॅमेरा चालू केला आणि बटण दाबलं. खटका पडला नाही. भिंगात लाल अक्षरं लुकलुकली, कार्ड नाही. पडणार कसा? सेटिंग मीच तर बंद केली होती.

काकांनी भिंगाला डोळा लावून ती लाल अक्षरं वाचली. बराच वेळ वाचली.

"बघ," ते म्हणाले. "नाही म्हणतोय."

"आत्ता म्हणतोय, काका. त्या दिवशी म्हणत नव्हता. थांबा, दाखवते." मी मेन्यू उघडला. घाईत दोनदा चुकीचं पान आलं. शेवटी सेटिंग चालू केली, बटण दाबलं. खटका पडला. "हे असं होतं, काका. अगदी असं होतं!"

"हे तू आत्ता केलंस ना?"

"हो, पण आधीही..."

"आत्ता केलंस," ते समजूत घालत म्हणाले, लहान मुलाशी बोलावं तसे. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दादाला बरं वाटावं म्हणून मी पण काय काय करायचो. त्याच्या किल्ल्या मीच लपवल्या म्हणून सांगायचो. पोरी, कुणी दुसऱ्याचं असं अंगावर घेत नाही आजकाल. पण नको करूस. तुझी नोकरी जाईल."

"मी खरं बोलतेय, काका."

"तू खरंच बोलतेस. कॅमेऱ्याचा दोषसुद्धा आधी सांगितला होतास."

मी मुलीकडे बघितलं. तिनं मान फिरवली आणि ओट्याकडे गेली.

काका खुर्चीत बसले, चष्मा लावला, वही ओढली आणि आजच्या तारखेखाली सावकाश लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे धरली. "बघ बरं," ते म्हणाले, "नीट लिहिलंय का. उद्या मला आठवणार नाही."

वहीत लिहिलं होतं: कॅमेरा पुन्हा तपासला. चांगला आहे. दुकानातली पोर माझ्यासाठी खोटं बोलायला आली होती.